दारावरची फळी

१

रविवारची सकाळ होती. मी अर्ध्या गालाला साबण फासून आरशासमोर उभा होतो, तेवढ्यात खालच्या किराणावाल्याने हाक मारली, "अंकल, फोन! उत्तन से!" जेसल पार्कमधल्या आमच्या बिल्डिंगीत तेव्हा फोन त्याच्याकडेच होता. तसाच खाली पळालो.

फोनवर उत्तनचा वॉल्टर होता. इतका ओरडत होता, की रिसीव्हर कानाला लावायची गरजच नव्हती.

"सेक्रेटरीसाहेब, फळी गेली! दारावरची फळी चोरली! आन् चोर कोन ते पन मना ठाव हाय!"

"कोण?"

"गोडदेवचा महिपत. सकाळी हिथंच फिरत होता."

दुसऱ्याच दिवशी, सोमवारी अकरा वाजता, आमचे परीक्षक शेवटच्या पाहणीसाठी उत्तनला जायचे होते.

हे १९९४ सालच्या ऑगस्टमधलं. नारळी पौर्णिमा होऊन आठवडा झाला होता. मी विमा कंपनीत एकतीस वर्षं आवक-जावक सांभाळून निवृत्त झालो होतो आणि घरी बसून बायकोच्या कामात लुडबुड करण्यापेक्षा सहा जणांना गोळा करून एक मंडळ काढलं होतं. दरवर्षी आम्ही आजूबाजूच्या गावांमधल्या बांधकामांना दोन बक्षिसं द्यायचो. एक जपलेल्या जुन्या घराला आणि दुसरं नव्या, पण गावाला शोभेल अशा बांधकामाला. दुसरं बक्षीस तीन वर्षांत एकदाच दिलं गेलं, ते एका गोठ्याला. त्याच्या मालकाला आम्ही थट्टा केली असंच अजून वाटतं.

बक्षीस म्हणजे काय, तर पितळी पाटी. पैसे नाहीत. पण वॉल्टर आणि त्याची बायको ग्रेसी यांना त्या पाटीचं मोल भलतंच होतं. त्यांच्या घरासमोरचा रस्ता रुंद होणार होता. मोजणीवाले येऊन ओसरीच्या खांबावर लाल रंगाची फुली मारून गेले होते. फुलीच्या अलीकडचं सगळं जाणार, म्हणजे अख्खी ओसरीच जाणार. त्यांच्यातलाच एक साहेब जाता जाता म्हणाला होता, "कुठल्या मंडळाची मान्यताबिन्यता असेल तर दाखवा, लाइन जरा सरकवून बघू." तेव्हापासून ही दोघं आमच्या पाटीकडे डोळे लावून बसली होती.

शेवटच्या फेरीत दोनच घरं उरली होती. एक वॉल्टरचं आणि दुसरं गोडदेवच्या महिपतचं. आता वॉल्टरच्या घराची शान गेली होती आणि आळ महिपतवर होता. मंडळाची अब्रू जायची वेळ आली होती.

वर आलो. गिरिजा, म्हणजे माझी बायको, चपला घालून तयारच होती. ती महापालिकेच्या शाळेत चित्रकला आणि हस्तकला शिकवून निवृत्त झालेली. "बाई, वही घरी राहिली," हे एकोणतीस वर्षं ऐकलेल्या बाईशी खोटं बोलणं सोपं नसतं. मी तर केव्हाच सोडून दिलंय.

"तुला कसं कळलं?"

"अहो, अख्ख्या बिल्डिंगीला कळलं. तोंडावरचा साबण पुसा आधी."

२

उत्तनला पोचेपर्यंत साडेबारा झाले. वॉल्टरच्या ओसरीवर माणसं जमली होती.

घर ठेंगणं, कौलारू, चुन्याने पांढरं केलेलं. मधल्या दाराच्या डोक्यावर चार फुटी सागवानी फळी असायची. तिच्यावर शिडाची होडी, दोन्ही बाजूंना मासे आणि मधे १८७१ हे साल कोरलेलं. वॉल्टरच्या पणज्याच्या होडीची ती फळी. होडी मोडली तेव्हा ती दारावर आली. जुलैच्या पाहणीत मी तिच्यावर हात ठेवून परीक्षकांना म्हणालो होतो, "सव्वाशे वर्षांचा स्पर्श आहे हा!"

आता तिथे नुसता पांढरा पट्टा दिसत होता. दारावरची आडवी तुळई उघडी पडली होती. ती भिंतीसारखीच पांढरी, आणि तिच्यात पूर्वी लाकडी खुंट्या होत्या त्या चार भोकांतही चुना. बघूनच वाईट वाटलं.

गिरिजा स्टूल ओढून वर चढली. दाराच्या वर, फळीच्या बरोबर खाली, एक अरुंद शेल्फ होतं. त्यावर मारियाबाईची, म्हणजे मेरीमातेची, लहान मूर्ती, मेणबत्ती आणि फुलांचा पेला. गिरिजाने फुलं बोटाने चाचपली.

"फुलं आजची आहेत?"

"सकाळची," ग्रेसीबाई म्हणाल्या. बारीक अंगाच्या, साठीच्या पुढच्या. त्या दिवशी फारच कमी बोलत होत्या.

"फळी असताना ठेवली?"

"रोजच ठेवते मी."

गिरिजा खाली उतरली. "वर खिळ्यांची दोन बारीक भोकं पण आहेत," एवढंच मला म्हणाली. मी म्हटलं असतील.

वॉल्टरने हकीकत सांगितली. तो चर्चमधल्या सातच्या मिस्साला गेला आणि तिथून परस्पर धक्क्यावर. मुलगा प्रिन्स नवी होडी घेऊन शुक्रवारपासून समुद्रात होता. ग्रेसीबाई आणि सून व्हॅलेरी आठला घर बंद करून मुलांच्या मिस्साला गेल्या. वॉल्टर दहाला घरी आला तर फळी नाही. आणि साडेनऊला शेजारच्याने महिपतला याच गल्लीत पाहिलेलं.

"त्याला पाटी पायजे," वॉल्टर म्हणाला. "माझी फळी गेली का पाटी कोनाला? त्यालाच!"

खरं सांगतो, मला ते पटलं. महिपत हा आगरी माणूस, बोलायला रांगडा. पहिल्या फेरीत त्याने मला तोंडावर सुनावलं होतं, "फळी बघून नंबर देताव काय? घर बघा ना!"

व्हॅलेरीने चहा आणला. ओसरीत दोन पत्र्याच्या डब्यांवर काहीतरी आडवं टाकून टेबल केलेलं होतं. वर फुलाफुलांचा टेबलक्लॉथ. मी कप ठेवला तर तो डुगडुगला आणि अर्धा चहा माझ्या धुतलेल्या पँटवर. जुनी घरं जपणारे लोक एक धड टेबल घेऊ शकत नाहीत, म्हणून मी मनातल्या मनात चरफडलो.

"व्हॅलेरी," गिरिजाने विचारलं, "चुना छान लागलाय. कधी मारला?"

"मे एंडला, टीचर. पावसाच्या आधी दरवर्षी मारतो आम्ही. ह्या वर्षी होडीला आशीर्वाद द्यायला फादर पण येणार होते ना, म्हणून डबल हात मारला."

"तू कंटाळत नाहीस या घराला?"

व्हॅलेरी हसली. "कंटाळते ना. नळाला पाणी येत नाय. मला तुमच्या जेसल पार्कला फ्लॅट पाहिजे. प्रिन्सला रोज बोलते मी. पण फळी चोरून फ्लॅट मिळतो काय?"

तेवढ्यात ग्रेसीबाईंनी माझा कप उचलला आणि टेबलक्लॉथची सुरकुती हाताने सरळ केली. मग आत निघून गेल्या.

निघताना वॉल्टरने मला बजावलं, "उद्या अकरापर्यंत चोर कबूल झाला न्हाय, तर मी पोलिसात जानार. महिपतचं नाव लिवून देनार."

३

परतताना भाईंदर पश्चिमेला सुभाषचं जुन्या फर्निचरचं दुकान लागतं. त्याने ती फळी दोनदा मागितली होती हे मला माहीत होतं. मी तावातावानेच आत शिरलो.

"साहेब, मागितली होती," सुभाष म्हणाला. "एप्रिलमध्ये. मग जुलैमध्ये परत गेलो, आणि हात जोडून परत आलो."

"का?"

तो पान चघळत जरा थांबला. "मूड नाही राहिला. तुम्ही मोठी माणसं, परीक्षक वगैरे. मी काय बोलू? आमचा धंदा वेगळा."

मला त्याचं बोलणं संशयास्पद वाटलं. गिरिजाला मात्र भारी आवडलं. ती त्याच्याकडे बघून चक्क हसली.

गोडदेवला संध्याकाळी पोचलो. चहूबाजूंनी चार मजली बिल्डिंगी आणि मधे महिपतचं बैठं घर. तो दारात खुर्ची टाकून बसला होता. आमच्या आधी बातमी पोचलेली होती आणि त्याचे डोळे लाल झाले होते.

"मी सुकट घ्यायला गेलतो," तो म्हणाला. "धा वर्सं जातोय तिकडं, दर रविवारी. आज चोर झालो? माझ्या सुनंनं पन इचारलं, 'मामा, खरं हाय काय?' घरातली पोरगी इचारते मना!"

"गल्लीत कशाला गेला होता?" मी विचारलं.

"फळी बघायला! ज्याच्या संगं कुस्ती हाय त्याचं आंग बघाया नको? पन दार लावलेलं. फळी तवाच नव्हती वर. मना वाटलं, धुवायला काढली आसल."

"किती वाजले होते?" गिरिजाने विचारलं.

"साडेनऊ. नक्की."

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "हा कबूल करतोय की तो तिथे होता!"

"चोर सांगेल का हो, की मी फळी बघायलाच गेलो होतो?" गिरिजा म्हणाली. "घरी चला. तुमचे फोटो काढा."

४

माझे फोटो हा आमच्या घरातला चेष्टेचा विषय आहे. पण त्या संध्याकाळी गिरिजाने ते स्वतःहून मागितले, म्हणून मी जरा खूश झालो.

दोन फोटो होते. एप्रिलमधला अर्जासोबतचा आणि जुलैमधला पाहणीचा. दोन्हीत तेच दार, तीच होडी, तेच मासे, तेच साल.

"फरक बघा," ती म्हणाली.

"एप्रिलमध्ये ऊन आहे, जुलैमध्ये ढग. दुसरं काय?"

"अहो, एप्रिलमध्ये फळी चकाकतेय. जुलैमध्ये कोरडी ठक्क आहे. ग्रेसीबाईंनी पहिल्या भेटीत काय सांगितलं होतं? तुम्हीच लिहून घेतलंय."

मी फाइल काढली. माझ्याच अक्षरात होतं: 'फळीस दर शनिवारी खोबरेल तेल. लग्न होऊन आल्यापासून एकही शनिवार चुकलेला नाही.'

"चुकले असतील पावसाळ्यात," मी म्हटलं.

"चाळीस वर्षांत चुकले नाहीत ते याच पावसाळ्यात चुकले? बरं, ते राहू दे. दारावर तुम्हाला काय दिसलं?"

"पांढरा पट्टा."

"तोच. फळी इतकी वर्षं तुळईला चिकटून होती ना? मग तिच्या मागचं लाकूड कसं हवं?"

लाकूड काळं हवं. चुना मारणारा भिंतीवरून ब्रश फिरवतो, फळीच्या मागे घालत नाही. मागची तुळई पांढरी होती, खुंट्यांच्या भोकांतसुद्धा चुना होता. म्हणजे मे महिन्यात चुना मारला तेव्हा फळी दारावर नव्हतीच.

"आणि जुलैमध्ये मी हात ठेवला ती?"

"ती दोन खिळ्यांवर लटकत होती. ती दुसरीच. सुभाषने लांबूनच ओळखली. तो पडला धंदेवाला, तुम्ही सेक्रेटरी."

सव्वाशे वर्षांचा स्पर्श! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. परीक्षकांसमोर भाषण ठोकलं होतं मी त्या खोट्या फळीवर.

"मग आज चोरीला काय गेलं?"

"नक्कल. आता सांगा, नक्कल कोण चोरील? महिपत तर फळी बघायला गेलो हे स्वतःहून सांगतोय. सुभाषला नक्कल नको. व्हॅलेरीला फ्लॅट पाहिजे." ती फोटो पाकिटात घालत होती. "उद्या सकाळी लवकर निघू. मला आधी तिथल्या सुताराला भेटायचंय."

५

होड्या बांधणारा लवू सुतार किनाऱ्यावरच्या छपरात काम करत होता. प्रिन्सची होडी त्यानेच बांधलेली. गिरिजा त्याच्याशी हत्यारांबद्दल, लाकडाच्या रेषांबद्दल बोलत बसली. मी घड्याळ बघत होतो. साडेनऊ वाजून गेले होते.

मग तिने भुशातून लाकडाचा एक तुकडा उचलला. त्यावर माशाचे खवले कोरलेले होते. अर्धे नीट, अर्धे बिघडलेले.

"हात बसवायला केलं होतं?" तिने विचारलं. "माझी मुलं पण आधी रद्दी तुकड्यावर करायची."

लवूने हातातलं हत्यार खाली ठेवलं. मग म्हणाला, "बाई, माझ्याकडं सांगितलं ते काम मी केलं. वॉल्टर अंकलनी जूनमधे सांगितलं. कशाला ते मी इचारलं न्हाय."

"आणि खरी फळी कुठे आहे, ते तुला ठाऊक आहे. तूच बसवलीस ना?"

लवूने मान वर केली आणि समुद्राकडे बघितलं. गिरिजाही तिकडेच बघत राहिली. शेवटी मलाही कळलं.

६

आम्ही ओसरीवर पोचलो तेव्हा पावणेअकरा झाले होते. परीक्षक वेळेआधीच येऊन बसलेले. त्यांतल्या मुख्य, आर्किटेक्चरच्या कॉलेजात शिकवणाऱ्या संपदा मॅडम, उघड्या तुळईकडे बघत होत्या. आणि अंगणात महिपत उभा. सोबत त्याचे दोन मुलगे.

"चोर म्हनालास ना?" तो वॉल्टरवर गरजत होता. "माझ्या तोंडावर म्हन! माझ्या पोरांच्या म्होरं म्हन!"

वॉल्टरचा चेहरा पांढरा पडला होता. पण तो हटला नाही. "तूच न्हेली. तुझ्याबिगर कोन न्हेल?"

"थांबा," गिरिजा म्हणाली. तिने आवाज चढवला नव्हता, पण दोघेही वर्गातल्या मुलांसारखे गप्प झाले.

मग तिने सगळं सांगितलं. पांढरी तुळई, भोकांतला चुना, दोन खिळे, दोन फोटो. लवूचं नाव मात्र घेतलं नाही. "खरी फळी मे महिन्यातच निघाली. जुलैत सगळ्यांना दाखवली ती नक्कल. वॉल्टरभाऊ, खरी कुठे आहे ते तुम्ही सांगता का?"

वॉल्टर ओसरीच्या पायरीवर बसला.

"प्रिन्सच्या होडीत हाय," तो म्हणाला. "नाळेच्या आत, म्होरल्या टोकाला. माझ्या बापाची होडी न्हवती, माझी न्हवती. आमी दुसऱ्याच्या होडीवर खपलो. बाप मरताना बोलला, आपल्या घरात परत होडी झाली का फळी तिला लावायची. ती दारावर शोभेला न्हवती ठेवली, वाट बघाया ठेवली होती. प्रिन्सनं होडी बांधली. मग मी काय करनार होतो?"

"मग नक्कल कशाला केलीत?" संपदा मॅडमनी विचारलं.

वॉल्टरने खिशातून घडी घातलेला कागद काढला. आमच्याच मंडळाचा लेटरहेड होता. माझी सही होती. जूनमध्ये मी दोन्ही घरांना पत्रं पाठवली होती, त्यातलं.

"ह्याच्यात लिवलंय," तो म्हणाला. "'विशेषतः दारावरील कोरीव फळी पाहून मंडळ अत्यंत प्रभावित झाले आहे.' मी घाबरलो. फळी न्हाय तर पाटी न्हाय. पाटी न्हाय तर ओसरी जानार. माझी आय ह्याच ओसरीत गेली, पोरगा हिथंच रांगला."

माझे कान तापले. ते वाक्य मी निव्वळ शोभेसाठी टाकलं होतं. पत्र जरा भारदस्त व्हावं म्हणून. आवक-जावकमधल्या माणसाला कधी नव्हे तो सुंदर मसुदा लिहायचा चान्स मिळाला होता ना!

"आणि काल ती नक्कल?" महिपतने विचारलं. "ती कोनी न्हेली? मी तर न्हाय."

वॉल्टरने गोंधळून वर बघितलं. "मना खरंच ठाव न्हाय. मना वाटलं, तूच."

सगळे गिरिजाकडे बघायला लागले. तिने पदर सारखा केला.

"ज्याने नेली, त्याने आधी मूर्ती बाजूला ठेवली, मग परत जागेवर ठेवून ताजी फुलं घातली," ती म्हणाली. "चाळीस वर्षं जिने खऱ्या फळीला तेल लावलं आणि खोटीला एक थेंब लावला नाही, ती व्यक्ती मला ठाऊक आहे. पण नाव मी सांगणार नाही. माझा तो हक्क नाही."

ग्रेसीबाई दारात उभ्या होत्या. त्या पुढे आल्या. ओसरीतल्या टेबलावरचे कप त्यांनी एकेक करून उचलले, खाली ठेवले आणि टेबलक्लॉथ ओढून काढला. मग ती आडवी फळी उलटी केली. खालून होडी आली, मासे आले, १८७१ आलं. काल माझा चहा तिच्याचमुळे सांडला होता. कोरलेली बाजू डब्यांवर नीट बसणार कशी?

"मी काढली," त्या म्हणाल्या. "रविवारी मिस्साला जायच्या आधी, सून आंघोळीला गेली तवा. खाली मारियाबाई आन् वर खोटं साल. दोन महिनं मान वर करून प्रार्थना केली न्हाय मी. हिच्यावर पाटी मिळाली असती तर रोज तिच्याखालून जावं लागलं असतं मना."

"मग काल का न्हाय बोललीस?" वॉल्टर कसाबसा म्हणाला.

"तुझ्या तोंडावर चारचौघांत तुला खोटं पाडू? मना वाटलं, फळीच न्हाय म्हनल्यावर नंबर जाईल, गपचूप संपंल. तू ह्या मानसाला चोर करशील हे कुठं ठाव होतं? रातभर झोप न्हाय मना. आज साहेबलोकांना सांगनारच होते." त्या महिपतकडे वळल्या. "भाऊ, माफ कर आमाला."

वॉल्टर उठला. अंगणात उतरला आणि महिपतच्या मुलांसमोर त्याने हात जोडले. महिपतने त्याचे हात धरून खाली केले.

"पुरं," तो म्हणाला. "फळी होडीत गेली तर काय पाप केलं? लाकूड पान्यातलं, पान्यात गेलं." मग तो खाकरला, इकडेतिकडे बघितलं आणि माझ्याकडे वळला. "सेक्रेटरी, आता निघालंच हाय, तर माझं पन लिवा. माझ्या मागल्या पडवीवर कौलं न्हायत. पत्रा हाय. तुमी आलता तवा वर सुकं गवत पसरलं होतं मी."

त्याच्या थोरल्या मुलाने कपाळावर हात मारला. संपदा मॅडम इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढून पुसावा लागला.

७

आता प्रश्न माझा होता. अकरा नियम मी स्वतः लिहिले होते आणि ते कोणी वाचत नाही अशी माझी कायम तक्रार. एकतीस वर्षांत मी एकाही कागदावर मागली तारीख टाकलेली नाही, आणि त्या दिवशीही टाकणार नव्हतो. पण नियम सात असा होता: अर्जानंतर घरात काही बदल झाल्यास तो निकालापूर्वी लेखी कळवावा.

निकाल अजून लागायचा होता. पिशवीत कोरे फॉर्म होते. मी दोन काढले, एक ग्रेसीबाईंना दिला, एक महिपतला.

"आणि खोटं दाखवलं त्याचं काय?" एका परीक्षकांनी विचारलं. रास्त प्रश्न होता.

"त्याला कारण माझं पत्र आहे," मी म्हटलं. "तसं मी फाइलवर लिहून सही करतो."

गिरिजाने माझ्याकडे बघितलं. लग्नाला छत्तीस वर्षं झाली, पण तसं तिने मोजून तीनदा बघितलं असेल.

संपदा मॅडम तोवर भिंतीजवळ गेल्या होत्या. सोलवटलेल्या एका कोपऱ्यात त्यांनी नखाने चुन्याचे थर मोजायला सुरुवात केली आणि चाळीसच्या पुढे सोडून दिली. "गुणवंतराव, आमच्या टिपणात फळीचं नावसुद्धा नाही," त्या मला म्हणाल्या. "आम्ही हे घर निवडलं ते या भिंतीसाठी आणि ओसरीसाठी. दरवर्षी न चुकता चुना लावणारी माणसं आता राहिली कुठे?"

वॉल्टर ऐकत होता. त्याने दोन्ही हातांनी डोकं धरलं. ज्या फळीपायी तो दोन महिने खोटं जगला आणि एका भल्या माणसाला त्याने चोर ठरवलं, तिची कोणाला गरजच नव्हती.

निकाल पंधरा दिवसांनी लागला. पहिला नंबर उत्तनच्या घराला मिळाला. महिपतच्या घराचा दुसरा आला. पत्रा काढून कौलं घातली तर पुढच्या वर्षी बघू, असं परीक्षकांनी त्याला लिहून दिलं आणि त्याने खरोखरच घातली. पाटी ठोकायला वॉल्टरने महिपतलाच बोलावलं. ती पांढऱ्या पट्ट्यावर लावू असं मी सुचवलं, तर ग्रेसीबाईंनी साफ नकार दिला. ती जागा रिकामीच राहणार, म्हणाल्या. पाटी ओसरीच्या खांबावर लागली, बरोबर त्या लाल फुलीवर. डिसेंबरात मोजणीवाले आले, पाटी वाचली, टेप गुंडाळली, आणि रस्ता त्या खांबापाशी दोन हात सरकला.

लवूच्या फळीचं पुढे टेबलच राहिलं, कोरलेली बाजू वर करून. त्यामुळे ते आता आणखी डुगडुगतं. मी तिथे गेलो की कप हातातच धरतो.

ग्रेसीबाईंचा तो फॉर्म अजून माझ्या फाइलीत आहे. त्यात एक रकाना मी फार विचार करून घातला होता: 'मूळ जागेवर नसलेले भाग व त्याचे कारण.' लोक तिथे बहुधा आडवी रेघ मारतात. ग्रेसीबाईंनी मोठ्या, शाळकरी अक्षरात लिहिलंय:

'दारावरची फळी. कामावर गेली आहे.'